पाऊल थोडे कमीजास्त पडते, म्हणजे तोल बिघडला का?

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे असून रोज सकाळी मासुंदा तलावाला दोन फेऱ्या मारतात. त्यांच्या पावलांमधला वेळ मनगटी घड्याळावर सारखा कमीजास्त दिसतो आणि उभे असतानाही ते किंचित डुलतात. पावले एकसारखी पडावीत म्हणून त्यांनी सराव करावा का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : केवळ एवढ्यासाठी सराव नको. पूर्ण स्थिर उभा राहणारा माणूस नसतोच. शरीराचा भार घोट्यांच्या थोडा पुढे पडत असल्याने पोटऱ्यांचे स्नायू त्याला सतत मागे खेचत राहतात, आणि डोळे, आतला कान व तळपाय यांच्याकडून येणाऱ्या सूचनांनुसार ही दुरुस्ती क्षणोक्षणी बदलते. तुम्हाला दिसते ते डुलणे बहुधा तेच आहे.

चालण्याचेही तसेच आहे. एक टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत साधारण एक सेकंद जातो आणि निरोगी माणसातही त्यात दोन-तीन टक्के फरक पडतो. चालण्याचा अभ्यास करणारे संशोधक जेफ्री हाउसडॉर्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले, की हा फरक स्वैर नसून आत्ताच्या पावलाचा बऱ्याच आधीच्या पावलांशी संबंध असतो. वार्धक्यात आणि हंटिंग्टनच्या (मेंदूच्या एका आनुवंशिक) आजारात तो संबंध क्षीण होतो. विशेष म्हणजे, निरोगी तरुणांना यंत्राच्या एकसारख्या ठोक्यावर चालायला लावले तेव्हाही तो मोडला. म्हणून घड्याळ पाहून पावले बेतण्याचा आग्रह मला चुकीचा वाटतो. पार्किन्सनच्या रुग्णांना ठोक्यावर चालवतात, पण तो त्यांच्या अडखळण्यावरचा वेगळा उपाय आहे.

मात्र फरक फार वाढला, तर पडण्याचा धोकाही वाढतो. उलट, पडण्याच्या भीतीने शरीर आखडून, पावले मोजून टाकणेही चांगले नाही. मनगटी घड्याळाच्या आकड्यांवर यातले काही ठरवू नये. त्याऐवजी तलावपाळीवर त्यांच्या बरोबरीने चालताना साधा प्रश्न विचारून पाहा : उत्तर देण्यासाठी त्यांना थांबावे लागते का? वळताना ते अनेक बारीक पावले टाकतात का, किंवा गेल्या वर्षभरात एकदा तरी पडले आहेत का? यांपैकी काहीही असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि तोलाची व पायांच्या ताकदीची तपासणी करून घ्या. चालीत हा बदल अचानक झाला असेल, तर त्याच दिवशी.