उद्यमबागेतली फौंड्री रजिस्टरवरून निघाली आहे: नाव परत कसं लावून घ्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांनी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत प्रायव्हेट लिमिटेड फौंड्री काढली, ते वारल्यावर पाच वर्षं कंपनी रजिस्ट्रारकडं विवरणपत्रं भरलीच गेली नाहीत. आता कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर नावापुढं ‘स्ट्राइक ऑफ’ (नाव काढलं) दिसतं, बँकेनं खातं गोठवलंय. शेड आणि जागा कंपनीच्याच नावावर आहे, गिऱ्हाईक तयार आहे. नवी कंपनी काढून शेड तिच्या नावावर करता येईल का?

येणार नाही. विक्रीखत लिहून द्यायला कंपनीच उरलेली नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २५० प्रमाणे तिचं नोंदणी प्रमाणपत्र रद्द धरलं जातं. येणी वसूल करणं आणि देणी भागवणं एवढ्यापुरतीच ती जिवंत असते. कुणी ‘संचालक म्हणून सही करून टाका’ म्हणत असेल तर ऐकू नका. समजा दस्त नोंदवला गेला, तरी गिऱ्हाइकाला कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील सर्च (मालकीची तपासणी) घेताना तिथंच बोट ठेवणार. नाव परत लावून घ्यावंच लागेल.

पहिल्यांदा एसटीके-७, म्हणजे नावं काढल्याची रजिस्ट्रारची जाहीर नोटीस, शोधा. त्यात एका फटक्यात शेकडो कंपन्यांची यादी असते. तुमचा सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक) कितव्या अनुक्रमांकावर आहे ते बघा, आदेशाची आणि राजपत्राची तारीख टिपून ठेवा. त्या तारखांवर पुढचा रस्ता ठरतो. आदेशाला तीन वर्षं झाली नसतील तर कलम २५२(१) खाली अपील करता येतं, आणि ते ‘बाधित झालेली कोणीही व्यक्ती’ करू शकते, म्हणजे वारससुद्धा. तीन वर्षं उलटली असतील तर २५२(३): राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून २० वर्षांपर्यंत मुदत, पण अर्जदार कंपनी, सभासद, धनको किंवा कामगार यांपैकीच हवा.

इथंच वारसांची गाडी अडते. शेअर तुमच्या नावावर चढले नसतील तर तुम्ही अजून सभासद नाही, आणि बंद कंपनी शेअर चढवूनही देऊ शकत नाही. पण प्रायव्हेट लिमिटेडला निदान दोन सभासद लागतात आणि बहुतेक घरांत दुसरं नाव आईचं असतं. तसं असेल तर अर्ज आईच्या नावानं करा.

अर्ज कुठं, यावर आपल्या भागात हमखास घोळ होतो. निपाणी-चिकोडीकडच्या कितीतरी कंपन्यांचे सीए कोल्हापूरला असतात. त्यांची रोजची कामं पुण्याच्या रजिस्ट्रारकडं आणि मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडं (एनसीएलटी), त्यामुळं मसुदाही तसाच तयार होतो. सीए कुठं बसतो याला अर्थ नाही, नोंदणीकृत कार्यालय कुठं आहे ते बघतात. सीआयएनमध्ये ‘केए’ (कर्नाटक) ही दोन अक्षरं असतील तर अर्ज राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू पीठाकडं आणि प्रतिवादी कर्नाटकचे रजिस्ट्रार. कलम ४३० मुळं बेळगावच्या दिवाणी कोर्टात हा विषय चालत नाही. धारवाड खंडपीठात रिट टाकायचा सल्लाही मिळेल, पण कायद्यातच उपाय दिलेला असताना तिथून परत पाठवतील.

अर्ज एनसीएलटी-९ नमुन्यात, न्यायाधिकरणाच्या नियमावलीतल्या नियम ८७-अ प्रमाणे. सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी त्याची प्रत रजिस्ट्रारला पोचलेली हवी. न्यायाधिकरण सहसा आयकर खात्याचंही म्हणणं मागवतं, तेव्हा थकलेला आयकर आधीच तपासा.

खरी लढाई पुराव्याची. नाव काढलं तेव्हा कंपनी चालू होती, किंवा नाव परत लावणं न्याय्य आहे, यांपैकी एक पटवून द्यायचं असतं. पहिल्यासाठी नाव निघण्याआधीच्या दोन आर्थिक वर्षांचे कागद जोडा: आयकर विवरणपत्रं, जीएसटी, बँकेचा उतारा, पीएफची चलनं, हेस्कॉमची वीजबिलं. भट्टीच्या जोडणीचं बिल बोलकं असतं. त्यावर महिन्याचे युनिट दिसतात, आणि युनिट जळाले म्हणजे ओतकाम झालं. भट्टी बंदच होती आणि शेड भाड्यानं दिली होती, तर तसंच सांगा, भाडेकरार जोडा, आणि जागा कंपनीच्या नावावर अडकलीय या न्याय्य कारणावर भर द्या. चालू होती असं खोटं लिहू नका. शून्य युनिटचं बिल रजिस्ट्रारच्या वकिलालाही वाचता येतं. राहिलेल्या वर्षांचे ताळेबंद ऑडिट करून अर्जालाच जोडलेत तर बरं.

न्यायाधिकरणाची भाषा इंग्रजी. पहाणी (जमिनीचा उतारा) आणि घरपट्टीची पावती कन्नडमध्ये, जुनी रोजकीर्द मराठीत, अशी फाईल असेल तर प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. जुन्या कागदांवर बेलगाम आणि नव्यांवर बेळगावी दिसणार, म्हणून अर्जात एक वाक्य घालून ठेवा.

मागणीत नुसतं ‘नाव परत लावा’ लिहून थांबू नका. खातं मोकळं करणं आणि संचालकांचे डीआयएन (संचालक ओळख क्रमांक) चालू करणं हेही मागा. सलग तीन वर्षं विवरणपत्रं नसली की कलम १६४(२) खाली संचालक पाच वर्षं अपात्र ठरतात, आणि मग कंपनी परत येते पण फॉर्मवर सही कुणी करायची हा पेच उरतो.

आदेश झाला की तारखेपासून ३० दिवसांत प्रमाणित प्रत आयएनसी-२८ फॉर्ममधून रजिस्ट्रारकडं दाखल करायची. प्रत मिळायलाच दिवस जातात, म्हणून आदेशाच्या दिवशीच तिचा अर्ज द्या.

आता पैसे. एओसी-४ (ताळेबंद) आणि एमजीटी-७ (वार्षिक विवरणपत्र; लहान कंपनीला ७-ए) या प्रत्येकावर उशिराचे रोज १०० रुपये, १ जुलै २०१८ पासून, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. दोन फॉर्म, एक वर्ष उशीर: ७३,०००. तुमची पाच वर्षं राहिलीत. सगळ्यांत जुन्या वर्षाला पाच वर्षं उशीर आणि नव्याला एक वर्ष धरलं तर एकूण पंधरा वर्षांचा उशीर, म्हणजे १०,९५,०००. नाव परत लागलं की ते कधी निघालंच नव्हतं असं धरतात, त्यामुळं मधली वर्षं सुटत नाहीत. रजिस्ट्रारचा खर्च आणि वकील वेगळे. उद्यमबागेतल्या जागेसाठी हे परवडतं. खात्यात अडकलेल्या दोन-तीन लाखांसाठी परवडत नाही.

विक्री झाल्यावर कंपनी ठेवायची नसेल तर या वेळी रीतसर बंद करा: देणी भागवून बँक खातं बंद, विशेष ठराव, मग एसटीके-२ (नाव काढण्याचा अर्ज), फी १०,०००. सोबत संचालकांचं हमीपत्र एसटीके-३, प्रतिज्ञापत्र एसटीके-४ आणि सीएनं प्रमाणित केलेला एसटीके-८ हिशेब. तो ३० दिवसांपेक्षा जुना चालत नाही. हे अर्ज मे २०२३ पासून ‘सी-पेस’ या केंद्रात जातात.

गिऱ्हाइकाकडून इसार घेण्याआधी पोर्टलवर ‘चार्जेस’ची (तारणांची) यादी उघडा. वडिलांनी भट्टीसाठी काढलेलं कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण सीएचजी-४ (कर्ज फिटल्याची नोंद करणारा फॉर्म) भरलेला नसतो, आणि रेकॉर्डवर जागा तारणच दिसते. त्या बँकेचं ना-हरकत पत्र आजपासूनच मागायला लागा. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर जुनी कर्जफाईल सापडायला न्यायाधिकरणापेक्षा जास्त वेळ जाऊ शकतो.