रोल केलेल्या पत्र्यातलं ऑस्टेनाइट कसं मोजावं?

प्रश्न : कोल्ड रोल केलेल्या (थंड अवस्थेत रुळांतून दाबलेल्या) पोलादी पत्र्यातलं अवशिष्ट ऑस्टेनाइट (थंड झाल्यावरही न बदलता उरलेला पोलादाचा एक स्फटिक-प्रकार) आम्ही एक्स-रे विवर्तनाने मोजतो. नमुना फिरवून ठेवला की टक्केवारी बदलते. यंत्र बिघडलंय का?
– एक वाचक, हिंगणा एमआयडीसी, नागपूर

उत्तर : यंत्राचा दोष दिसत नाही. रोलिंगमुळे स्फटिक ठरावीक दिशांना वळतात. या दिशाबद्ध रचनेला टेक्श्चर म्हणतात. त्यामुळे एक्स-रे आलेखातली काही शिखरं फुगतात, काही दबतात. एएसटीएम ई९७५ ही ऑस्टेनाइट मोजण्याची प्रमाणित पद्धत मुळात स्फटिकांच्या दिशा जवळपास विस्कळीत असलेल्या पोलादासाठीच आहे. एकाच शिखरावर विसंबू नका. ऑस्टेनाइटची २००, २२०, ३११ आणि फेराइटची (पोलादातला दुसरा स्फटिक-प्रकार) २००, २११ अशी शिखरं घ्या; हे आकडे म्हणजे स्फटिकातल्या प्रतलांची नावं. प्रत्येकाच्या क्षेत्रफळाला त्याच्या सैद्धांतिक तीव्रतेने भागा. एकाच फेजचे (स्फटिक-प्रकाराचे) भागाकार जुळले नाहीत, तर बहुधा टेक्श्चर आहे.

मग नमुना ० ते ६० अंश कलवून, प्रत्येक कलावर पूर्ण फिरवून सरासरी काढा. कलल्यावर किरण पसरतात, म्हणून टेक्श्चर नसलेल्या पावडरीवरून डीफोकसिंगची (या पसरण्याने घटणाऱ्या तीव्रतेची) दुरुस्ती कराच. कोबाल्टची एक्स-रे नळी वापरली की ऑस्टेनाइटचं १११ (५१ अंश) आणि फेराइटचं ११० (५२.४ अंश) ही शिखरं एकमेकांना चिकटतात, ती दोन्ही शिखरं टाळा. तांब्याच्या नळीने लोखंड स्वतःच एक्स-रे सोडू लागतं, त्यामुळे आलेखातली पार्श्वभूमी वाढते.

सगळ्यात जास्त घोळ नमुना घासताना होतो. घासण्याच्या ताणाने ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट (पोलादाचा कठीण स्फटिक-प्रकार) होतं आणि आकडा खोटाच कमी येतो. शेवटचा थर इलेक्ट्रोपॉलिशनेच (द्रावणात विजेने विरघळवून) काढा. पडताळणीला चुंबकीय संपृक्ततेची (नमुना जास्तीत जास्त किती चुंबकित होतो याची) मोजणी उत्तम, तिला टेक्श्चरचा फरक पडत नाही.