जड स्पीकर दूर पाठवताना खोक्याच्या आत नेमकं काय जपायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: फरशीवर उभे राहणारे दोन स्पीकर, प्रत्येकी साधारण ३० किलोचे, लांबच्या शहरात पाठवायचे आहेत, मूळ खोकी उरलेली नाहीत, तर बबल रॅपचे भरपूर वेढे देऊन भागेल का? नाही भागणार. मी स्पीकर दुरुस्त करतो. प्रवासात निकामी होऊन माझ्याकडे आलेल्या कितीतरी स्पीकरांच्या अंगावर साधा ओरखडाही नसतो. म्हणून आधी मोडतं काय ते सांगतो, पॅकिंग त्यावरूनच ठरतं.

वूफरचं, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाचं, बहुतेक वजन त्याच्या पाठीवरच्या चुंबकात असतं. फेराइट या चुंबकीय सिरॅमिकचं ते जाड कडं पोलादी चकत्यांना सहसा नुसतं चिकटवलेलं असतं. त्याच्या मधल्या अरुंद फटीत व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनला (वूफरच्या पुढच्या पडद्याला) हलवणारं तारेचं वेटोळं, पुढेमागे होते आणि तिच्या दोन्ही अंगांना मिलिमीटरभरही मोकळी जागा नसते. खोका आपटतो तेव्हा कॅबिनेट (स्पीकरची लाकडी पेटी) थांबतं, पण चुंबक पुढे जायला बघतो. जोड सुटला किंवा पत्र्याची फ्रेम किंचित वाकली की चुंबक सरकतो, फट एका बाजूला दाबली जाते आणि कॉइल घासायला लागते. वरून काही कळत नाही. लावल्यावर खालच्या सुरांत खरखर ऐकू येते.

आता थोडा हिशोब. ६० सेंटिमीटरवरून पडलेली वस्तू १ सेंटिमीटरच्या अंतरात थांबली, तर तिला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या ६० पट झटका बसतो. म्हणजे २ किलोचा चुंबक त्या क्षणी १२० किलोच्या जोराने आपल्या जोडाला ओढतो. तीच वस्तू ५ सेंटिमीटरमध्ये थांबली तर हा जोर २४ किलोवर येतो. थांबायला अंतर मिळवून देणं, हेच पॅकिंगचं खरं काम.

बबल रॅप इथेच कमी पडतो. ३० किलोचा कोपरा त्यावर आला की फुगे फुटतात किंवा पार चपटे होतात आणि अंतर उरत नाही. थर्माकोल पहिला धक्का चांगला झेलतो, पण चेपला की पुन्हा वर येत नाही. लांबच्या प्रवासात गाड्या बदलतात, एकाच कोपऱ्यावर दुसरा धक्का बसतोच. तुम्ही ईपीई (पॉलिथिनचा) फोम घ्या, पांढरा, लवचिक, दाबून सोडला की परत फुगणारा. किमान ५ सेंटिमीटर जाडीचे ठोकळे आठही कोपऱ्यांना बसवा आणि उंच कॅबिनेटच्या मधोमधही आधार द्या. फोम किती पसरायचा हेही महत्त्वाचं आहे. तळाला पूर्ण जाड थर दिला तर वजन इतकं विभागलं जातं की फोम दबतच नाही, आणि न दबणारा फोम फळीसारखाच. फार छोटे तुकडे दिले तर ते पूर्ण चेपून जातात. स्पीकर ठेवल्यावर फोम जरासा दबावा आणि अंगाचा भार टाकल्यावर आणखी दबावा, इतपत हवं.

त्याआधी कॅबिनेटला मऊ कापड किंवा साधा कागद गुंडाळा. प्लास्टिक थेट पॉलिशवर आलं तर उष्णतेने फुग्यांचे ठसे उमटतात. कागदावरून मग पॉलिथिनची पिशवी चढवा. ग्रिल (पुढची जाळी) आणि खालचे अणकुचीदार पाय काढून वेगळे बांधा. सुटे स्क्रू पिशवीत घालून बाहेरच्या बाजूला ठेवा, चुंबकाने ओढलेला एक स्क्रू कोनला भोक पाडायला पुरेसा असतो. कोनवर फोम दाबून बसवू नका. कडेच्या फ्रेमवर टेकणारी पुठ्ठ्याची झाकणं करा. आतला खोका पाच पदरी पुठ्ठ्याचा, बाहेरचा सात पदरी, मध्ये पुन्हा फोम.

वूफर खूप जड असेल आणि स्क्रूने सहज निघत असेल, तर तो काढून स्वतंत्र पाठवावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्या खोक्यात आधार चुंबकाला मिळायला हवा, फ्रेमच्या कडेवर वजन लटकता कामा नये. वूफर आतच ठेवणार असाल तर स्पीकर पाठीवर आडवा ठेवा. उभ्या स्पीकरमध्ये चुंबक फ्रेमवरून आडवा लोंबत असतो आणि प्रत्येक दचक्याला खाली खेचला जातो. शिवाय उंच खोका कलंडतोही. क्रॉसओव्हरवरच्या, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगळे करणाऱ्या आतल्या सर्किटवरच्या, जड कॉइल हलत असतील तर आधी पक्क्या करून घ्या, नाहीतर त्या बोर्डावरून उखडतात.

एक जुनी युक्तीही सांगतो. स्पीकरमध्ये अँप्लिफायर नसेल तर मागची दोन टर्मिनल तारेच्या तुकड्याने जोडून टाका. कोन हलला की कॉइलमध्ये निर्माण होणारा प्रवाह त्याच हालचालीला अडवतो आणि वूफर रस्त्यात कमी डोलतो. फक्त वर ठळक चिठ्ठी लावा, कारण ती तार न काढता अँप्लिफायर जोडला तर तो जळू शकतो.

माझं सगळ्यात ठाम सांगणं पॅलेटबद्दल, म्हणजे यंत्राने उचलायच्या सपाट फळीबद्दल आहे. माणसाला कसाबसा उचलता येतो तो खोका आदळला जातो, यंत्रानेच हलवावा लागतो तो सहसा नाही. 'इस्टा १ए' या पॅकिंग चाचणीत १० किलोच्या आतला खोका ७६ सेंटिमीटरवरून टाकून बघतात, तर ३० किलोचा सुमारे ३० सेंटिमीटरवरून. दोन्ही स्पीकर एकाच पॅलेटवर आडवे, पट्ट्यांनी आवळून पाठवा. प्लायवूडचा क्रेट (बंद पेटारा) त्याहून चांगला. देशाबाहेर पाठवताना सलग लाकूड वापरलं तर ते लाकडातली कीड रोखणाऱ्या आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रक्रिया केलेलं आणि शिक्का मारलेलं लागतं. प्लायवूडला तो नियम लागू नाही. विमानाने पाठवायचे असतील तर चुंबकांबद्दल आधीच विचारा. ठरावीक अंतरावर चुंबकीय क्षेत्र मर्यादेपेक्षा जास्त भरलं तर तो माल धोकादायक मालात मोडतो.

विमा काढा, पण अपुऱ्या पॅकिंगचं कारण देऊन दावे नाकारले जातात, म्हणून पॅकिंगच्या प्रत्येक टप्प्याचे आणि सीरियल नंबरचे फोटो ठेवा. पाठवण्यापूर्वी हळू आवाजात २० हर्ट्झपासून, म्हणजे अगदी खालच्या सुरापासून, वर चढत जाणारा सूर वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करा. स्पीकर घेणाऱ्यालाही खोकी उघडल्यावर तोच सूर त्याच आवाजात वाजवायला सांगा, आणि ते होईपर्यंत एकही खोका किंवा फोमचा तुकडा फेकू देऊ नका.