वाचकांचे प्रश्न : कोकण किनाऱ्यावर निघण्याआधी तिथी पाहा

कोकण किनाऱ्याच्या सहलीविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांत एकच हळहळ आहे : इतक्या लांब गेलो, पण जे पाहायला गेलो ते दिसलंच नाही. जागा बहुधा बरोबर असते, चुकते ती वेळ. म्हणून भरती-ओहोटीचा हिशेब पहिल्याच उत्तरात सविस्तर दिला आहे. पुढच्या उत्तरांत तो पुन्हा पुन्हा लागेल.

प्रश्न : डिसेंबरात मालवणला स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्याखाली पाहणं) केलं. पैसे भरले, पण पाणी गढूळ होतं आणि प्रवाळ काही दिसलं नाही. बोटवाला म्हणाला, ‘आज पाणी नाही.’ मग पाणी असतं तरी कधी? (सोलापूर)

बोटवाल्याचं म्हणणं खरं होतं, फक्त ते पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे. हा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पण प्रवाळ असणं वेगळं आणि ते दिसणं वेगळं. पाण्यातली माती आणि बारीक वाळू खाली बसलेली असेल तरच ते दिसतं.

अमावास्या आणि पौर्णिमेला उधाणाची भरती असते. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, त्यामुळे प्रवाह जोरात वाहतो आणि तळ ढवळून निघतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते. तेव्हा चढ-उतार कमी आणि पाणी शांत. भांगाचा जोर नेमका अष्टमीला नव्हे, तर एक-दोन दिवसांनी सर्वांत कमी होतो, म्हणजे नवमी-दशमीला.

आता वेळ. जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन : पहाटे तीनला आणि दुपारी साडेतीनच्या आत-बाहेर. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा तिथी धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी हेच सारं सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतं. खडकावर किंवा वाळूच्या दांड्यावर (पाण्यातल्या वाळूच्या उंचवट्यावर) जायचं असेल, तर त्या बंदराचा छापील तक्ता किंवा मोबाइलवरचं भरतीचं कोष्टक पाहायलाच हवं.

हे स्नॉर्केलिंगला लावा. भरती येताना बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं. ओहोटीला खाडीचं गढूळ पाणी बाहेर पडतं. सकाळी वारा पडलेला असतो, अकरा-बारानंतर खारे वारे सुटून लाटा उठतात. म्हणजे भांगाचे दिवस, सकाळची वेळ आणि भरतीचं पाणी, तिन्ही जुळायला हवं. नवमीला भरती पावणेसातला, दशमीला साडेसातला, एकादशीला सव्वाआठला. या तीन दिवशी भरतीच्या आसपास पाण्यात उतरायचं. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. अवेळी पाऊस किंवा जोराचा वारा होऊन गेला असेल, तर पाणी निवळायला दोन-तीन दिवस द्या.

मास्कमध्ये पाणी शिरण्याची कारणं साधी असतात : रबरी कडेखाली केस अडकणं आणि मिशी. केस मागे घ्या, मिशीला व्हॅसलीन लावा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून खळखळा. आणि काहीही झालं तरी प्रवाळावर उभे राहू नका. पायाखाली तुटलेला तुकडा परत तेवढा व्हायला वर्षं लागतात.

प्रश्न : वेळासला जानेवारीत गेलो होतो. कासव दिसलं नाही, पिल्लंही नाहीत. गावकरी म्हणाले, महोत्सवाला या. हा महोत्सव कधी असतो? (नागपूर)

ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात, थंडी जास्त असेल तर जास्त. जानेवारीत त्यामुळे बहुतेक अंडी वाळूखालीच असतात. पिल्लांसाठी खरा काळ फेब्रुवारीचा मध्य ते एप्रिलचा मध्य, आणि महोत्सवही याच काळात.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली काम सुरू केलं. कोल्हे-कुत्र्यांपासून आणि चोरीपासून वाचवायला घरट्यातली अंडी काढून कुंपण घातलेल्या जागेत त्याच खोलीवर पुरतात आणि वर टोपली पालथी घालतात. पिल्लं निघायची वेळ आली की वरची वाळू किंचित खचते. सकाळी आणि संध्याकाळी टोपल्या उचलून पाहतात. पिल्लं असतील तर पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात. उचलून थेट पाण्यात ठेवत नाहीत, ती स्वतः चालत गेली पाहिजेत.

कोणत्या दिवशी पिल्लं निघतील हे कुणीही ठामपणे सांगू शकत नाही. म्हणून एका सकाळच्या भरवशावर नागपूरहून येऊ नका. शनिवारी दुपारी पोहोचून सोमवारी सकाळी निघालात, तर चार वेळा टोपल्या उचलताना हजर राहता येईल. राहायची-जेवायची सोय गावातल्या घरांमध्ये होते, ती आधी ठरवून घ्या. वेळासला जागा नसेल, तर आंजर्ले, गुहागर, राजापुराकडे गावखडी आणि वेंगुर्ल्याजवळ वायंगणी इथेही हे काम चालतं. रायगडकडून येणाऱ्यांना वेसवी–बागमांडले फेरीबोट सोयीची.

टॉर्च आणि फ्लॅश पूर्ण बंद. पिल्लं क्षितिजावरच्या उजेडाकडे चालतात. मागून प्रकाश पडला की ती वळून उलटी, जमिनीकडे येतात. दोरीच्या पुढे पाऊल टाकू नका, लहान मुलांचा हात धरून ठेवा.

प्रश्न : गणपतीपुळ्याला समुद्र शांत दिसत असूनही पोहू देत नाहीत. इतका धोका कसला? (कोल्हापूर)

शांत दिसणारा पट्टाच अनेकदा धोक्याचा असतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दांड्यात जिथे खोलगट जागा असते तिथून ते झोतासारखं आत ओढलं जातं. त्या जागी लाटा फुटत नाहीत, म्हणून आजूबाजूला पांढरा फेस आणि मध्ये गडद, सपाट पट्टा दिसतो. नवख्या माणसाला वाटतं, इथे लाटा नाहीत, मुलांना इथेच उतरवू. गणपतीपुळ्याला किनाऱ्याचा उतारही लवकर खोल होतो. गुडघाभर पाण्यातून चार पावलं पुढे टाकली की पाणी छातीला लागतं. ओहोटी सुरू असताना हा ओढा वाढतो.

उतरण्याआधी दहा मिनिटं किनाऱ्यावर उभं राहून पाणी पाहा. गडद पट्टा, समुद्राकडे जाणारा फेस किंवा पालापाचोळा, पाण्यात मिसळलेली वाळू, यातलं काहीही दिसलं तर तिथे उतरू नका. कुणी ओढलं गेलंच, तर किनाऱ्याच्या दिशेने झटू नये. चांगले पोहणारेही बुडतात ते याच झटापटीत दमून. पाठीवर तरंगा, एक हात वर करा. जमेल तर किनाऱ्याला समांतर पोहत फेसाळ लाटांच्या पट्ट्यात या, त्या लाटा तुम्हाला परत आणतात. बाहेरच्यांनी एकमेकांचे हात धरून साखळी करत पाण्यात शिरू नये. एकाच्या मागे चौघे जातात ते असेच. झाकण लावलेला रिकामा पाण्याचा कॅन, ट्यूब, दोरी, जे हाती येईल ते फेका आणि जीवरक्षकाला बोलवा.

प्रश्न : ओहोटीला वाळू घट्ट असते म्हणून गाडी किनाऱ्यावर नेली आणि रुतली. अशा वेळी काय करावं? (पुणे)

आधी हे सांगायला हवं की गाडी नेऊच नये. बऱ्याच किनाऱ्यांवर मनाई आहे. चाकांखाली खेकड्यांची बिळं आणि कासवांची घरटी चिरडतात.

रुतलीच, तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक जागच्या जागी फिरून आणखी खाली जातं. सगळ्यांना उतरवा. टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा. चाकांभोवतालची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू हातांनी काढा. ज्या चाकांना इंजिनाची ओढ असते त्यांच्याखाली पायपुसणी किंवा माडाच्या झावळ्या सरकवा आणि आलेल्या चाकोरीतूनच हळू मागे घ्या. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर ट्रॅक्टर बोलवा, वेळ घालवू नका. भरतीचं पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात थोडंसं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात एकूण चढाच्या जवळजवळ निम्मं. पन्नास मीटरला एक मीटर असा उतार असेल, तर तेवढ्या दोन तासांत पाणी पन्नास मीटर आत येऊ शकतं. गाडी निघाल्यावर टायरमध्ये हवा भरून, खालची बाजू गोड्या पाण्याने त्याच दिवशी धुऊन घ्या.

प्रश्न : जेलीफिश चावली तर? (ठाणे)

जखमेवर वाळू चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा. चिकटलेले धागे चिमट्याने काढा, बोटांनी नको. मग सोसेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात तो भाग २० मिनिटं ठेवा. श्वासाला त्रास, चक्कर किंवा अंगभर सूज आली तर तडक दवाखाना. पाकटाचा (शेपटीला विषारी काटा असलेल्या चपट्या माशाचा) काटा लागला तरी गरम पाणीच, पण काट्याचा तुकडा आत राहतो, म्हणून डॉक्टरांना दाखवावंच लागतं. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूत घासत चाललात, तर पाकट आधीच सरकतं.

प्रश्न : हेदवीच्या बामणघळीत पाणी उसळताना पाहायचं होतं. दोन तास थांबलो, खाली नुसतं डबकं होतं. (सातारा)

ओहोटीला गेला असणार. खडकातली ती चिंचोळी भेग भरतीच्या पाण्याने भरते आणि मागून आलेली लाट तिच्यात कोंडून वर उडते. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या जवळचा दिवस निवडा आणि पूर्ण भरतीच्या तासभर आधी पोहोचा. त्या दिवसांत ही वेळ अकराच्या सुमाराला येते, म्हणजे उजेडही मिळतो. ओल्या दिसणाऱ्या खडकावर उभं राहायचं नाही. तो ओला आहे, कारण पाणी तिथवर येतं.

प्रश्न : मस्कतहून ऑगस्टमध्येच सुट्टी मिळते. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. पावसात कोकणात पाहण्यासारखं काय? (मस्कत)

समुद्रात उतरणं, किल्ल्याची होडी आणि डॉल्फिन-सफर सोडून द्या. त्या पावसाळ्यात बंदच असतात. मार्लेश्वरचा धबधबा ऐन भरात असतो, पण शेकडो पायऱ्या आहेत, आईंना नको.

तुमच्यासाठी सडे. रत्नागिरी-राजापूर भागातली ही जांभ्या दगडाची पठारं ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत फुलतात. रस्ता बऱ्याच ठिकाणी सड्यावरूनच जातो. गाडी कडेला लावून दहा पावलं चाललं की निळी सीतेची आसवं, पांढरे गेंद आणि चिखलात लालसर पानांचं, कीटक खाणारं दवबिंदू दिसतं. दवबिंदूचं झाड नाण्याएवढं असतं, म्हणून खाली वाकून पाहा आणि पाऊल जपून टाका. कातळावर शेवाळ धरतं, आईंना रबरी तळव्याची पादत्राणं आणि काठी द्या.

आरे-वारेचा समुद्र वरच्या घाटरस्त्यावरून, गाडीत बसूनही उत्तम दिसतो. कशेळीला कनकादित्याचं मंदिर आहे. त्याच गावच्या सड्यावर हत्तीचं मोठं कातळशिल्प आहे, सुमारे १८ मीटर लांब. पावसात त्याच्या रेषांत पाणी साचून आकृती नीट कळत नाही, आणि तिथपर्यंत चालावं लागतं. पाऊस उघडला असेल तर सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा, तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात.

मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, त्यामुळे ऑगस्टमध्ये ताज्या मासळीचा बाजार हळूहळू भरू लागतो. रेल्वेचं तिकीट मात्र आजच पाहा. त्या महिन्यात कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने, कमी वेगाने धावते, आणि गणपती जवळ आले की आरक्षण मिळत नाही.