युद्धक्षेत्रातील खासगी सुरक्षेची नोकरी : पगाराआधी करार पाहावा

सप्रेम नमस्कार.

पाच वर्षांची लष्करी सेवा संपवून आलेल्या आपल्या मुलाला एका एजंटाने युद्धग्रस्त देशातील खासगी सुरक्षा कंपनीत नोकरी देऊ केली आहे, पगार डोळे दिपवणारा आहे आणि ‘काम फक्त पहाऱ्याचे’ असल्याचे त्याला सांगितले आहे, असे आपण लिहिता. त्याने जावे की नाही, हा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर सरसकट नकाराचे नाही; मात्र करार हाती पडून वाचून होईपर्यंत त्याने होकार देऊ नये.

अशा कंपन्यांचे बरेचसे काम खरोखरच पहाऱ्याचे असते : दूतावास, तेलप्रकल्प, रसदीचे ताफे. पण पहारा म्हणजे धोका नाही, असे समजू नये. जून २०१६ मध्ये काबूलमधील कॅनडाच्या दूतावासाच्या रक्षकांना नेणाऱ्या बसवर आत्मघाती हल्ला झाला आणि डझनाहून अधिक जण ठार झाले. त्यांत बहुतेक नेपाळी होते. हे लोक लढायला नव्हे, पाळीवर निघाले होते.

माझ्या मते खरी अडचण याहून वेगळी आहे. सैन्यात असताना आपल्या मुलामागे एक राज्य उभे होते; येथे त्याच्यामागे केवळ कागद असेल. आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याच्या, म्हणजे युद्धातील वर्तनाच्या नियमांच्या, दृष्टीने असा रक्षक सामान्यतः नागरिक ठरतो, आणि त्याने लढाईत प्रत्यक्ष भाग घेतला तर तेवढ्या काळापुरते त्याचे संरक्षण जातेच, शिवाय पकडला गेल्यास त्याच्यावर गुन्हेगार म्हणून खटलाही चालू शकतो. सैन्याच्या अधिकृत परवानगीने त्यासोबत राहणाऱ्या कंत्राटी माणसाला तिसऱ्या जिनिव्हा करारान्वये युद्धकैद्याचा दर्जा मिळू शकतो. त्या परवानगीची खूण म्हणजे सैन्याने दिलेले ओळखपत्र; म्हणून ओळखपत्र कोण देणार, हा प्रश्न त्याने आवर्जून विचारावा.

कायदा कसा पालटतो, हे इराकमध्ये दिसले. २००४ मध्ये परदेशी कंत्राटदारांना तेथील कायद्यातून सूट मिळाली होती. १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीच्या रक्षकांनी केलेल्या गोळीबारात १७ नागरिक मृत्युमुखी पडले, आणि २००९ च्या आरंभी ती सूट संपली. चार रक्षकांना अमेरिकी न्यायालयाने २०१४ मध्ये दोषी ठरविले, तर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. (तिसऱ्याच देशातून आलेल्या रक्षकासाठी कोणी एवढी रदबदली करील, अशी आशा मी तरी धरणार नाही.)

तेव्हा करारात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात : मूळ कंत्राट कोणाचे, वाद कोणत्या देशाच्या न्यायालयात चालेल, शस्त्राचा परवाना कोणाच्या नावे, आणि जखमी झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार. कंत्राट अमेरिकी सरकारचे असेल, तर १९४१ चा डिफेन्स बेस अ‍ॅक्ट परदेशी कामगारांनाही विमासंरक्षण देतो. कंपनी खासगी सुरक्षा कंपन्यांसाठीच्या जिनिव्हास्थित आंतरराष्ट्रीय आचारसंहिता संघटनेची सदस्य आहे का, हेही तपासावे. ही संघटना २०१३ मध्ये स्थापन झाली. सदस्यत्व म्हणजे हमी नव्हे, पण तक्रारीला निदान एक दार असते.

एजंट ‘करार तिकडे पोहोचल्यावर मिळेल’ म्हणत असेल किंवा पासपोर्ट स्वतःकडे ठेवणार असेल, तर बोलणी तेथेच थांबवावीत. युक्रेन युद्धात मदतनिसाच्या कामाचे आमिष दाखवून नेलेले परदेशी तरुण रशियाच्या बाजूने थेट आघाडीवर पाठविले गेल्याचे उघड झाले आहे. प्रत मिळाली, तर कामाचे वर्णन असलेले पान मला अवश्य पाठवावे. ‘कंपनी सांगेल ते अन्य काम’ असे शब्द बहुधा तेथेच असतात.