एकटी आई, दोन मुलं आणि दुपारी चारनंतरचा खर्च

"मुलांना सुट्टीत कुठेतरी न्यायचंय, पण एकटीच्या पगारात परवडेल का? आणि परवडलं तरी मला एकटीला झेपेल का?" सुट्ट्या जवळ आल्या की एकल पालक हे दोन प्रश्न हमखास विचारतात. ते दोन वाटतात, पण बहुतेक वेळा एकच असतात.

एका आईचं उदाहरण घेऊ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). घटस्फोटाला दोन वर्षं झालेली, मुलगी 11 वर्षांची, मुलगा 6 वर्षांचा. आदल्या वर्षी कर्ज काढून सहा रात्रींची सहल केली. खर्च ठरवल्याच्या जवळजवळ दीडपट झाला, तिसऱ्या दिवसापासून चिडचिड सुरू झाली आणि परतल्यावर हप्ते मागे लागले. "मला पैशांची शिस्तच नाही," असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

समुपदेशनाच्या सत्रात त्यांना त्या सहा दिवसांतले पैसे कापल्याचे मेसेज उघडायला सांगितलं. कागदावर दोन रकाने केले: रक्कम आणि वेळ. प्रवास आणि खोलीचे पैसे आधीच भरलेले, तिथे फरक नव्हता. टॅक्सी, खेळणी, खोलीवर मागवलेलं जेवण असा जास्तीचा सगळा खर्च दुपारी चार ते रात्री आठमधला निघाला. त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "या वेळेला माझ्यात त्राणच नसायचं."

दोन मोठी माणसं असली की एक रांगेत उभं राहतं, दुसरं मुलांना घेऊन सावलीत बसतं. एकट्याच्या वाट्याला ही उसंत दिवसभरात येत नाही, आणि दमलेलं माणूस पैसे टाकून सुटका करून घेतं. त्यात "बाबा बरोबर नाहीत, निदान एवढं तरी" ही टोचणी असतेच. म्हणून आधी एका माणसाच्या ताकदीचा हिशेब करायचा, मग पैशांचा.

या वेळी सहा रात्रींच्या तीन केल्या. दिवसाला तिकीट लागणारं एकच ठिकाण, तेही सकाळी. दुपारी दीड ते चार खोलीवर, आणि त्या वेळात आईनंही आडवं व्हायचं. कपडे धुवायला बसायचं नाही. खोली फिरण्याच्या जागेपासून चालत जाण्याजोगी हवी. लांबची स्वस्त खोली दोन टॅक्सीफेऱ्यांत महाग पडते. चेक-इन बहुधा दुपारी असतं, त्यामुळे सकाळीच पोचलात तर बॅगा आणि मुलं घेऊन चार-पाच तास रस्त्यावर जातात. पोचण्याची वेळ त्याप्रमाणे धरावी, नाहीतर सामान ठेवून घेतील का ते आधी विचारावं. सामान किती? पाठीवर एक बॅग, आणि दोन्ही हात मुलांसाठी मोकळे.

पॅकेजच्या जाहिरातीतला दर बहुतेकदा एका खोलीत दोन मोठी माणसं धरून काढलेला असतो. एकटं मोठं माणूस असलं की जादा आकार लागतो किंवा एका मुलाचे मोठ्याइतके पैसे घेतात. त्यामुळे "माणशी किती?" हा प्रश्नच चुकीचा. "एक मोठं माणूस, या वयाची दोन मुलं, एक खोली, सगळं धरून किती?" असं विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. बुकिंग रद्द करता येणारं असावं, थोडं महाग पडलं तरी. एका मुलाला ताप आला तर त्याच्याजवळ थांबायला दुसरं कोणी नसतं, अख्खी सहलच रद्द होते.

पैशांचं सोपं आहे. एकूण रकमेतले 15 टक्के अडीअडचणीसाठी राखीव म्हणून आधीच बाजूला काढायचे, उरलेल्यात सहल बसवायची. बसत नसेल तर रात्र कमी करायची, कर्ज काढायचं नाही.

मुलांना "कुठे जायचं?" असं मोकळं विचारू नये, परवडणाऱ्या दोन जागा सांगून त्यातली एक निवडू द्यावी. खाऊ-खेळण्यांचे पैसे प्रत्येकाच्या नावाच्या पाकिटात, निघायच्या आधीच. संपले की संपले. थोरल्या मुलांबाबत मात्र जपायला हवं. तिकिटं सांभाळणं, नकाशा बघणं ही कामं 11 वर्षांच्या मुलीला आवडतात. पाण्याजवळ भावावर लक्ष ठेवणं हे तिचं काम नाही. घरात आधीच ती अर्धी आई झालेली असते, निदान सहलीत तरी तिला मूल राहू द्यावं.

दोन्ही मुलांच्या खिशात मुक्कामाचा पत्ता आणि एका नातेवाइकाचा नंबर हवा. आई आजारी पडली तर फोन कुणाला करायचा, हे मुलांना माहीत हवं. परदेशी जाणार असाल तर सीमेवर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र किंवा ताब्याबाबतचा न्यायालयाचा आदेश मागू शकतात. ती तयारी तिकिटाआधी करायची. दुसऱ्या पालकानं मुलांना भेटायचे दिवस ठरलेले असतील, तर सहलीच्या तारखा त्यांना आधी कळवाव्यात.

सहलीनंतर त्या आल्या तेव्हा राखीव रकमेतली निम्मी शिल्लक होती. दुसऱ्या संध्याकाळी मुलानं खेळण्यांच्या दुकानासमोर फतकल मारलंच होतं. पाकीट रिकामं, दहा-बारा मिनिटं भोकाड पसरून झालं, मग उठून चालायला लागला. तेवढा वेळ तुम्ही काय केलंत, असं विचारलं.

"काही नाही. दुपारी झोपले होते ना, उभी राहिले."