‘मीच जुना झालो काय, मॅडम?’

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न माझ्याकडे इतक्या जणांनी आणला आहे की आता सुरुवातीच्या दोन वाक्यांतच तो ओळखू येतो. ब्लाउजवर आरी वर्क करणारी असो, कापडी तोरणं शिवणारी असो, बांबूचे दिवे करणारा तरुण असो की बचत गटात राख्या करणारी ताई असो. बोलणं धंद्यापासून सुरू होतं. पहिल्यासारख्या ऑर्डरी येत नाहीत, दुसऱ्यांची पेजं बघा कशी चालतात, नाव बदलू का, लोगो नवा करू का, सगळे रंगच बदलून टाकू का? मी लगेच उत्तर देत नाही. जरा वेळ जाऊ दिला की मग खरी गोष्ट बाहेर येते. काम जुनं झालं, हे ते मला सांगायला आलेले असतात. पण स्वतःच जुने झालो, हे त्यांनी मनात कधीच ठरवून टाकलेलं असतं.

अशा बऱ्याच जणांच्या वतीने एकाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी आहे, ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही.

तो नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड-भिवापूर पट्ट्यातल्या एका गावचा. घर सुतारांचं. वर्षभर दारं, दिवाण, चौकटी. आणि पोळ्याच्या आधीचे दोन-अडीच महिने लाकडी बैल. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं चाकं लावलेले लाकडी नंदीबैल सजवून दोरीने ओढत घरोघर नेतात आणि मोठी माणसं त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, देतात. याच्या आजोबांचे बैल पंचक्रोशीत माहीत होते. पुढे यानं नागपूरच्या प्रदर्शनात स्टॉल लावला, पेज काढलं, बैलांच्या जोडीला दिवाणखान्यात ठेवायच्या वस्तू सुरू केल्या. तीन-चार वर्षं बरं चाललं.

त्याला माझ्याकडे आणलं ते त्याच्या बायकोनं. तिची तक्रार वेगळीच होती. "मॅडम, रात्री तीन-तीन वाजेपर्यंत फोन पाहून राहते हा माणूस. सकाळी पटाशी हातात घेतली का चिडचिड. पोट्ट्यांवर ओरडते."

तो खाली मान घालून म्हणाला, "साऱ्यायचे पेज पाहतो जी. कोणाचं काय नवीन, कोणाचं काय. आपलं पाहिलं का लाज वाटते."

झोप, भूक, मनात येणारे विचार यांची नीट चौकशी मी आधी केली. ती मी कधीच सोडत नाही, आमच्या भागात तर नाहीच. दोन-दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तिथे लोगोची चर्चा करायची नसते, डॉक्टरांकडे पाठवायचं असतं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मी प्रत्येकाला लिहून देते, त्यालाही दिला. त्याचं दुखणं मात्र तितकं खोल नव्हतं. ते अडकलेलं होतं.

दोन हंगामांपूर्वी त्यानं काय काय केलं ते ऐका. आजोबांच्या नावाचा शिक्का काढून इंग्रजी नाव घेतलं, ‘वूड’ आणि ‘क्राफ्ट’ हे शब्द असलेलं. लाल-पिवळे रंग सोडून राखाडी आणि मातकट रंग घेतले. बैलाची झूल काढली, घुंगरं काढली, अंगावरचं कोरीव काम कमी केलं. पेजवर पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो टाकले. एकाच हंगामात हे सगळं. आणि विक्री खाली आली. त्यावरून त्यानं काढलेला निष्कर्ष असा, की बदल अजून पुरेसा झालेला नाही. आता तो तिसरं नाव शोधत होता.

मी ज्या विचारसरणीत शिकले ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. 1955 च्या सुमारास त्यांनी ती मांडायला सुरुवात केली. आपल्याकडे तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. काही सहकाऱ्यांना ती कोरडी वाटते. वाटो. एलिस यांचं एक म्हणणं मला खेड्यापाड्यात जेवढं उपयोगी पडलं तेवढं दुसरं काही पडलेलं नाही: कामाला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत. हाताने काम करणाऱ्यांच्या बाबतीत तर हे फारच लागू आहे, कारण त्यांच्या धंद्याचं नाव बहुतेक वेळा त्यांचं स्वतःचंच असतं. एखाद्या कंपनीचा साबण खपला नाही तर साबण खपला नाही. तुमच्या नावाची पिशवी खपली नाही की तुम्हीच खपला नाहीत असं वाटतं.

त्याला मी विचारलं, "भाऊ, या नव्या बैलाला दहापैकी किती द्याल?"

"चार."

"आणि स्वतःला?"

जरा थांबून, "मलेही चारच."

"परवा ज्यांचा दिवाण बसवून आलात, त्या दिवाणाला?"

"त्याले नऊ. त्यात कोणी खोट काढून दाखवावी."

"म्हणजे परवा तुम्ही नऊ होते आणि आज चार झाले?"

बायको हसली. मग तोही हसला. त्या हसण्यानंतर आमचं काम सुरू झालं, असं मी मानते. समजावून सांगितलेलं लोक विसरतात, स्वतःच्याच बोलण्यातली विसंगती सापडली की ती लक्षात राहते.

पुढच्या भेटीसाठी मी त्याला एक काम दिलं. जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायचे. पण "माझा माल आवडला का" हे विचारायचं नाही. त्यावर लोक "छान आहे, छान आहे" म्हणतात आणि फोन ठेवतात. विचारायचं एवढंच: माझा बैल दहा बैलांमध्ये ठेवला, शिक्का झाकला, तर कशावरून ओळखाल?

तो तयार नव्हता. "भीक मागितल्यासारखं वाटते." मी म्हटलं, तुम्ही काही विकत नाही, मागत नाही, तुमच्या बैलाची चौकशी करताय. तरी त्यानं एक आठवडा घालवलाच.

आला तेव्हा हातात वहीचा कागद होता आणि पिशवीत दोन बैल. कागदावर एका निवृत्त गुरुजींचं, एका किराणावाल्याचं, नागपुरात राहणाऱ्या आणि दर वर्षी नातवासाठी बैल नेणाऱ्या एका आजींचं आणि आणखी काहींचं म्हणणं त्यानं त्यांच्याच शब्दांत उतरवलं होतं. रंगाबद्दल एकानेही काही म्हटलेलं नव्हतं. नाव तर दोघांना आठवतही नव्हतं. गुरुजी म्हणाले होते, "तुमचा बैल मान वळवून पाहते." किराणावाला म्हणाला, "बाकीचे सारे समोर पाहतात, तुमचा बाजूले पाहते." आजींचं वाक्य सगळ्यात चांगलं होतं: "पोट्टा दोरी ओढते ना, तं बैल त्याच्याकडंच पाहून राहिला असं वाटते."

त्यानं पिशवीतले दोन्ही बैल माझ्या टेबलावर ठेवले. एक आजोबांच्या वळणाचा, पाच-सहा वर्षांपूर्वीचा, पायाचा रंग उडालेला. दुसरा त्या हंगामाचा, राखाडी, गुळगुळीत. जुन्याची मान वशिंडापासून डावीकडे किंचित वळलेली, इतकी किंचित की सांगितल्याशिवाय माझ्या ध्यानात आली नसती. एक शिंग त्यामुळे दुसऱ्यापेक्षा पुढे दिसत होतं. नव्याची मान मोजून मध्यावर. दोन्ही शिंगं सारखी, दोन्ही कान सारखे. सुबक होता, पण कोणाकडेच पाहत नव्हता.

"हे तं माझ्या ध्यानातच नाही आलं कधी," तो म्हणाला. मग स्वतःच कारण सांगू लागला आणि मी फक्त ऐकत होते. आजोबा बैलासाठी वेगळं लाकूड आणत नसत. फांदीचं बेचकं, फर्निचरमधून उरलेला तुकडा, जे हाताशी असेल ते. बेचक्यात लाकडाचे रेषे वळलेले असतात. तिथे मान सरळ कोरली तर रेषे आडवे कापले जातात आणि पोरानं बैल आपटला की मान तिथेच तुटते. म्हणून आजोबा रेष्यांच्या वळणाने मान वळवायचे. बैल मजबूत व्हायचा, आणि बघणारा व्हायचा. यानं लहानपणापासून तसंच कोरलं, का ते न विचारता. दोन वर्षांपूर्वी माल वाढला म्हणून तो आरा मशीनवरून सरळ चिरलेले ठोकळे आणू लागला. सरळ लाकडात मान सरळ आली. त्याच वर्षी नाव आणि रंगही बदलले, त्यामुळे गिऱ्हाईक कशामुळे गेलं हे कोणालाच कळलं नाही, त्यालाही नाही.

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मला पटलेली गोष्ट इथे पुन्हा पटली. कारागिराला स्वतःची खूण दिसत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती नुसती सवय असते. कधी तर ती त्याला चूकच वाटते. त्यामुळे ‘आता नवं रूप घेऊ’ म्हटलं की तो सगळ्यात आधी तीच खूण पुसतो. असं मी आरी वर्कवाल्या ताईंच्या बाबतीतही पाहिलं आहे. त्यांच्या वेलीचं शेवटचं पान नेहमी काठाबाहेर जरासं यायचं. छापील डिझाइनं वापरायला लागल्या आणि ते पान काठाच्या आत गेलं.

तर ज्यांना ज्यांना ‘आता सगळं बदलायचं आहे’ असं वाटतं, त्यांना माझं सांगणं आहे की दमलं कोण ते आधी शोधा. तुम्ही दमलात, काम दमलं, की दुकानाची पाटी दमली? हंगामाच्या शेवटी प्रत्येक कारागिराला आपलं काम भिकार वाटतं. तिथे औषध झोपेचं असतं, नव्या लोगोचं नव्हे. तेच तेच करून हाताला कंटाळा आला असेल तर विकायचा नाही असा एखादा तुकडा फक्त स्वतःसाठी करा. आणि माल चांगला असूनही लोकांपर्यंत पोचत नसेल, तर मात्र फोटो, लेबल, कॅटलॉग यांच्याकडे वळा. सकाळच्या कोवळ्या उजेडात अंगणात काढलेला फोटो आणि आकार कळावा म्हणून बाजूला मुलाचा हात, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तो बैल दोन इंचांचा की दोन फुटांचा, हेच लोकांना कळत नव्हतं.

बदल करायचा तर एका हंगामात एकच करा. सणाच्या तोंडावर नको. नाव बदलणारच असाल तर वर्षभर नव्याखाली जुनं नाव लिहा आणि फोन नंबर तोच ठेवा. नाव ठरलं आणि ते टिकवायचं असेल तर ट्रेडमार्क घेता येतो. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे आणि नोंदणी 10 वर्षं चालते, पुढे नूतनीकरण होतं. पण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठांना मी सांगते, हे पैसे सध्या लाकडात घाला, कापडात घाला.

काही बदल मात्र मनाच्या कौलावर सोडायचे नसतात. मुलाच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूचा रंग शिसेविरहितच हवा, मग तो जुन्या छटेचा मिळो न मिळो. खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणन सक्तीचं झालं, त्याची धास्ती त्याच्याही मनात होती. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी केलेल्या आणि विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, हे त्याला माहीत नव्हतं. तो ओळखपत्राच्या मागे लागला. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या, कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत सुतारकामही आहे आणि खेळणी बनवणंही. त्याचाही अर्ज त्यानं भरला. समुपदेशकानं असल्या कागदपत्रांत पडावं का, असं मला एकदा एका परिषदेत विचारलं गेलं होतं. ज्याला रात्री झोप येत नाही त्याच्या उशाखाली कागद असतील तर मी ते वाचणारच.

दुसऱ्यांची पेजं पाहणं त्यानं बंद केलं नाही, तसं मी सांगितलंही नव्हतं. वेळ बदलली. दिवसाचं काम उरकल्यावर, जेवणाच्या आधी, अंगणात बसून. रात्री फोन बायकोच्या कपाटात. पहिले काही दिवस तो तिच्यावर चिडला, मग चिडचिड उतरली. आता दुसऱ्याचं काही आवडलं तर तो ते कसं केलं असेल याचा विचार करतो, आणि हे त्यानं स्वतःहून सांगितलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

या हंगामात मान पुन्हा वळली. बेचकी पुरेशी मिळत नाहीत, म्हणून मोठे बैल बेचक्यांचे आणि लहान ठोकळ्यांचे, असं त्यानं ठरवलं. लहानांची मान आखूड ठेवली की तुटत नाही, हे त्याचंच डोकं. राखाडी रंगही त्यानं पूर्ण सोडला नाही. शहरातल्या काही गिऱ्हाइकांना तो हवा असतो, तर त्यांच्यासाठी तो आहे, फक्त त्यावर लाल झूल परत आली. आजोबांचा शिक्का पाटाच्या खालच्या बाजूला चाकांच्या मध्ये बसतो. पेजचं इंग्रजी नाव गेलं.

भाव मात्र त्यानं अजून वाढवलेला नाही. बेचक्याच्या बैलाला दुप्पट वेळ लागतो हे तो मान्य करतो आणि तरी ठोकळ्याच्याच भावात देतो. "लोकं ओरडतील मॅडम." मी म्हणते, ओरडू द्या, गुरुजी आणि त्या आजी ओरडतात का ते आधी पाहा. बायको माझ्या बाजूने आहे. पुढची भेट आम्ही याच विषयावर ठेवली आहे.